निदान एक कचरागाडी ठेवा

माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटाला टेकून एक लोखंडी दांडा उभा असतो. दोन फुटांचा, दोन्ही टोकांना वेल्डिंग तोडल्याच्या खुणा. आल्यागेल्याला तो पडद्याचा दांडा वाटतो. कचऱ्याच्या गाडीमागे पायरीवर उभं राहून जाणारे कामगार तोल सांभाळायला जो धरतात, तो हा दांडा. भंगारवाल्याने मला तो वजनावर विकला आणि पैसे मोजता मोजता "याचं करणार काय, काका?" असं विचारलंही. टोकांशी रंगाचे थर जागच्या जागी आहेत. वर पिवळा, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा पिवळा आणि तळाशी गेरूसारखा रेड ऑक्साइड. मधल्या वीतभर भागात मात्र ना रंग, ना गंज. तिथलं लोखंड घासलेल्या तांब्यासारखं चमकतं. ते हातांनी झालंय.

दांडा मिळाला, गाडी गेली. एका महापालिकेच्या आवारात पिंपळाखाली ती वर्षानुवर्षं उभी होती, चाकांवर नव्हे, विटांवर. लांब नाकाची, मागे उघडी, दोन्ही बाजूंना फाळके, समोरच्या जाळीवर तीन टोकांची चांदणी. ती भंगारात निघाल्याचं मला आठवडाभर उशिरा कळलं. पोचलो तेव्हा कटर चालू होता. केबिनचं दार दोन तुकड्यांत पडलेलं, त्यावरचं पालिकेचं बोधचिन्ह मधोमध चिरलेलं. कापणारा पोरगा सभ्य होता. माझ्यासाठी पाच मिनिटं थांबला, तेवढ्यात मी चॅसीवरचा नंबर कागदावर उतरवून घेतला. नंतर त्याने कटर पुन्हा पेटवला.

त्या गाडीसाठी आता कुणाला काही करता येणार नाही. पण राज्यातल्या पालिकांच्या गॅरेजांमागे, डंपिंग ग्राउंडच्या कोपऱ्यांत, जकात नाक्यांच्या ओसाड जागांत तिची भावंडं अजून उभी आहेत. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे, आणि घाई आहे म्हणून लिहितो आहे.

घाई कायद्याने आणली. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली, की केंद्र, राज्य, महापालिका आणि सरकारी उपक्रमांच्या मालकीच्या ज्या गाड्यांना पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं झाली, त्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपेल आणि पुढे विल्हेवाट नोंदणीकृत भंगार केंद्रातूनच लागेल. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या खास गाड्या तेवढ्या वगळल्या. कचरागाडीची आठवण अर्थातच कुणाला झाली नाही.

दुसरा नियम त्याच्या आधीचा, जुलै २०२१ चा. मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ५० वर्षांची झाली की तिला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, फेरनोंदणीला ५,०००.

आता हे दोन नियम शेजारी ठेवा. सरकारी गाडी पंधराव्या वर्षी मरते आणि पन्नासाव्या वर्षी तिला मान मिळतो. मधली ३५ वर्षं तिने कुठे काढायची? एखाद्या संस्थानिकाची मोटार ती राजवाड्याच्या तबेल्यात काढते. डॉक्टरांची जुनी फियाट नातवाच्या गॅरेजात काढते. कचरागाडीला ना तबेला, ना नातू. शिवाय व्हिंटेजचा नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चारचाकी म्हणजे मोटारच असणार. मागे जोडचाकं असलेली सहा टायरांची आपली गाडी त्यात बसते का, यावर आरटीओत खडाजंगी करावी लागेल. ती खुशाल करू, पण त्यासाठी गाडी तरी शिल्लक हवी.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पर्यावरणवाले मित्र रागावणार नाहीत. भंगार धोरणाला माझा विरोध नाही. पंधरा वर्षं दिवसातून दोन-तीन खेपा मारलेलं डिझेल इंजिन रस्त्यावरून जावं, हेच बरं. माझी मागणी ती गाडी चालवायची नसून उभी करून ठेवायची आहे. शंभर गाड्या कापा, एक ठेवा.

एक ठेवण्याइतकी तिची योग्यता काय, असं विचाराल. मग थोडं मागे जाऊ. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने लंडनजवळच्या चिझिक गावासाठी वाफेवर चालणारी कचरागाडी बनवली. घोडा जाऊन यंत्र आलं ते असं. पुढे १९२२ मध्ये लेचवर्थ गावात शेल्व्होक आणि ड्रूरी या दोघांनी कंपनी काढली आणि 'फ्रेटर' नावाची बुटकी गाडी आणली. तिला गोल स्टिअरिंग नव्हतंच. ट्रामच्या चालकासारखे दोन्ही हातांत दोन दांडे धरून ती चालवायची. चाकं इतकी लहान की गाडीचा काठ कामगाराच्या कमरेपाशी यायचा. डबा डोक्यावर उचलायला नको. माणसाच्या पाठीचा विचार करून काढलेली कचरागाडी म्हणून मला ती फार आवडते. वर्दिंग नावाच्या समुद्रकाठच्या गावात याच गाडीवर बाकं बसवून पर्यटकांना फिरवत असत, हा भाग वेगळा.

अमेरिकेतली कथा जास्त रंगतदार आहे. गार वुड हा पाण्यावरच्या शर्यतींचा बादशहा. ताशी १०० मैलांहून वेगाने मोटारबोट हाकणारा पहिला माणूस तोच, १९३१ साली. पण त्याने पैसा कमावला तो ट्रकचा हौदा उचलणाऱ्या हायड्रॉलिक जॅकमधून. त्याच्याच कंपनीने १९३८ मध्ये 'लोड-पॅकर' आणली. मागून टाकलेला कचरा पोलादी पात्याने आत रेटून दाबणारी गाडी. आज तुमच्या गल्लीत सकाळी घरघरणारा काँपॅक्टर हा तिचाच वंशज. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या डेम्पस्टरने मोठी लोखंडी पेटीच गाडीने उचलून न्यायची युक्ती काढली आणि त्याच्या आडनावावरून 'डम्पस्टर' हा शब्द इंग्रजीत रुजला. हा डेम्पस्टर पुढे त्या शहराचा महापौरही झाला. मिलवॉकीत कचरागाड्यांच्या बॉडी बांधणाऱ्या हाइल कंपनीचा संस्थापक १९३९ मध्ये विस्कॉन्सिनचा गव्हर्नर झाला. जर्मनीतली कुका कंपनी आज मोटारींच्या कारखान्यांना यंत्रमानव पुरवते. एके काळी तिची ओळख होती फिरत्या पिंपाच्या कचरागाड्यांसाठी. म्हणजे कचरा उचलता उचलता माणसाने काय काय शिकून घेतलं, त्याचा हिशेब या गाड्यांच्या अंगावर लिहिलेला आहे.

तो हिशेब वाचणारे छांदिष्ट लोक तिकडे आहेत. शेताच्या बांधावर, रानात, भंगाराच्या ढिगात जुनी गाडी दिसली की ते तिथे पोचतात. आधी कॅमेरा, मग टेप, मग घासायचा ब्रश. कंपन्यांची जुनी माहितीपत्रकं, सुट्या भागांच्या याद्या, पालिकांच्या निविदांचे कागद हे त्यांचं ग्रंथालय. गाडी मिळाली नाही तरी फोटो जपतात, फोटोही नसेल तर कंपनीची पाटी जपतात. त्यांच्यातले पुष्कळ जण लहानपणी गाडीमागे धावलेले. ब्रिटिश खेळण्यांच्या मॅचबॉक्स मालिकेत १९६३ मध्ये डेनिस कंपनीची चिमुकली कचरागाडी आली होती. ती आज संग्राहक कापसात गुंडाळून ठेवतात. खऱ्या गाडीच्या नशिबी एवढा कापूस क्वचितच येतो.

हे वेड आपल्याकडे चालणार नाही, असं मला मुळीच वाटत नाही. दिनकर केळकर पुण्यात अडकित्ते, दिवे आणि पाय घासायच्या वज्र्या गोळा करत होते, तेव्हाही लोकांनी कपाळाला हात लावलाच असेल. आज ते संग्रहालय बघायला रांग लागते. दिल्लीत १९९२ पासून शौचालयांचं संग्रहालय आहे आणि परदेशी पाहुणे तिथे आवर्जून जातात. आणि मुंबईकरांच्या हळवेपणाबद्दल बोलायलाच नको. १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची जुनी लाल डबलडेकर शेवटची धावली, तेव्हा लोक हार घेऊन आले होते. पुढच्याच महिन्यात प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली, तिच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली. दोन्ही माझ्याही आवडीच्या. पण त्याच वर्षी, त्याच शहरात, त्या दोघींतून फिरणाऱ्यांनी टाकलेला कचरा उचलणारी गाडीही कायद्याने गेली. तिच्यासाठी शेवंतीचं फूलसुद्धा कुणी आणलं नाही.

महाराष्ट्रातल्या कचऱ्याच्या वाहतुकीची गोष्टही काही लहान नाही. कुर्ला ते चेंबूर रेल्वेचा रूळ १९०६ मध्ये पडला आणि त्यावरून आधी मुंबईचा कचरा गेला. प्रवासी चढले ते १९२४ मध्ये. आज त्याच मार्गावरच्या हार्बर लोकलच्या गर्दीत लोंबकळणाऱ्यांना सांगून बघा, हसतील. देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ चं. रेल्वेमागून लॉऱ्या आल्या आणि कित्येक दशकं त्या उघड्याच होत्या. २००० सालच्या घनकचरा नियमांनी गाडी झाकलेली असली पाहिजे, कचरा लोकांना दिसता कामा नये, असं बजावलं. तिथून उघड्या लॉरीचा शेवट सुरू झाला. २०१६ च्या नियमांनी ओला-सुका वेगळा करायला लावला आणि गाडीच्या पोटात आडवी भिंत आली. घंटागाडी तर आपली स्वतःची म्हणावी अशी. हाताने घंटा वाजवत येणारी ती गाडी आली की गल्लीभर "अगं, घंटागाडी आली, बादली काढ" असा पुकारा व्हायचा. आता कर्ण्यावर गाणं लागतं. गाडीचं नाव घंटागाडीच राहिलं, घंटा तेवढी गेली. कुणाच्या माळ्यावर अशी एखादी घंटा असेल तर ती मोडीत घालू नका, एवढं तरी ऐका.

आता गाडी ओळखायची कशी, ते सांगतो, कारण हा छंद डोळ्यांचा आहे आणि पैसे नसले तरी करता येतो.

पहिली गोष्ट, कचरागाडीला दोन जन्म असतात. चॅसी एका कंपनीची, वरची बॉडी दुसऱ्याची. अमेरिकेत मॅकच्या चॅसीवर लीचची बॉडी, आपल्याकडे टाटा किंवा लेलँडच्या चॅसीवर कुठल्या तरी एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरची. म्हणून समोरून बघून "टाटाची आहे" म्हणणारा अर्धंच ओळखतो. मागे जा. फाळक्याच्या किंवा हॉपरच्या, म्हणजे कचरा टाकायच्या मागच्या भागाच्या, कडेला बॉडी बांधणाऱ्याची पाटी रिव्हेट केलेली असते. पाटी उडाली असेल तर रिव्हेटची चार भोकं सापडतात आणि त्यांच्यातलं अंतर मोजून ठेवलं तर पुढे दुसऱ्या गाडीशी ताडून बघता येतं. बाजूच्या पत्र्यावरचे उभे पट्टे मोजा. जॅक पोटाखाली आहे, बाजूला आहे की छतावर, ते टिपा. हॉपरचं तोंड बाजूने कसं दिसतं, त्याची कागदावर रेघ काढा. अनुभवी माणूस नुसत्या त्या रेघेवरून बॉडी कुणाची ते सांगतो.

चॅसीचं वय काढणं त्यामानाने सोपं. टाटांनी डाइमलर-बेंझबरोबर १९५४ मध्ये ट्रक बनवायला घेतले आणि करार १९६९ पर्यंत चालला. तेव्हा जाळीवर मर्सिडीजची चांदणी असेल तर गाडी त्या पंधरा वर्षांतली, 'टी' असेल तर नंतरची. पाटीवर एमएच नसेल तर गाडी १९८९ च्या आधीची. माझी सगळ्यात आवडती खूण मात्र दारावरच्या रंगात असते. नाशिक, ठाणे, पिंपरी-चिंचवड या तिन्ही महापालिका १९८२ मध्ये झाल्या. तिथल्या जुन्या गाडीच्या दारावर 'महानगरपालिका' या अक्षरांखाली, तिरप्या उन्हात, 'नगरपालिका' अशी जुनी अक्षरं फुगून दिसली, की समजायचं, हिने शहर मोठं होताना पाहिलंय. हे बघायला सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जायचं. दुपारच्या उन्हात काही दिसत नाही.

दुरुस्तीबद्दल थोडकंच. कचऱ्याचं पाणी तळाचा पत्रा आतून खातं, त्यामुळे वरून धडधाकट दिसणाऱ्या गाडीत पाय टाकण्याआधी काठीने ठोकून बघा. उचललेल्या फाळक्याखाली किंवा हॉपरच्या तोंडाखाली आधार न लावता कधीही जाऊ नका. जुनं सील केव्हा सुटेल याचा भरवसा नसतो आणि सुटलं तर खाली माणूस आहे की नाही हे जॅक बघत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी, पाना नंतर. वासाची भीती बाळगू नका. एक पावसाळा आणि एक उन्हाळा उघड्यावर काढला की वास जातो, उरतो तो ग्रीसचा आणि लोखंडाचा. आणि कृपा करून तिला नवरीसारखी रंगवू नका. लांबी भरून, पॉलिश मारून, क्रोमच्या पट्ट्या लावून तयार केलेली कचरागाडी मला सर्कशीतल्या वाघासारखी वाटते. पोचा आहे तिथे राहू द्या. गंज थांबवा, पण वापराची खूण पुसू नका. माझ्या दांड्याचा तो गुळगुळीत भाग कुणी रंगवला, तर माझ्या घरी नुसता एक पाइप उरेल.

हे सगळं एकदा मी एका ओळखीच्या तरुणाला उत्साहाने सांगत होतो. त्याचे वडील कचरापट्टीत, म्हणजे पालिकेच्या सफाई खात्यात, मोटर लोडर होते, गाडीत कचरा भरणारे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, त्या गाडीवर माझ्या बापाची फुप्फुसं गेली. आम्हाला ती नजरेसमोर नको आणि तुम्हाला ती सजवायचीय." मला उत्तर सुचलं नाही. आजही सहजी सुचत नाही. या कामाला कोण लागतं, पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्त्यांतून लागतं, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. उघड्या लॉरीवर कचऱ्याच्याच ढिगावर बसून जाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत आणि पाहून नाकाला रुमाल लावला आहे. ज्याला जुन्या मोटारींच्या झगमगाटाची हौस आहे, त्याने या गाडीच्या वाटेला जाऊ नये. तरुणाचा राग खरा आहे आणि तो त्या गाडीशेजारच्या पाटीवर लिहिला गेला पाहिजे.

पण गाडी कापून टाकल्याने तो राग कुठे जातो? मेम्फिस शहराची गोष्ट सांगतो. १ फेब्रुवारी १९६८. पाऊस पडत होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार आडोसा म्हणून कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले. दाबयंत्र आपोआप चालू झालं आणि दोघंही चिरडून मेले. गाड्या जुनाट आणि धोकादायक असल्याची तक्रार कामगारांनी आधीच केली होती. ११ दिवसांनी सुमारे १,३०० कामगार संपावर गेले. 'मी माणूस आहे' एवढंच लिहिलेले फलक गळ्यात अडकवून ते रस्त्यावर उतरले. त्यांना पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग मेम्फिसला आले आणि ४ एप्रिलला तिथेच, लॉरेन मोटेलच्या सज्ज्यात, त्यांची हत्या झाली. त्या मोटेलच्या जागी आज नागरी हक्क चळवळीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथल्या संपाच्या दालनात एक कचरागाडी उभी करून ठेवली आहे. पुस्तकात वाचून न कळणारी गोष्ट त्या गाडीच्या मागे उभं राहिलं की कळते. दोन धट्टीकट्टी माणसं मावतील एवढीच ती जागा आहे.

न्यूयॉर्कच्या मिअरल उकेलिस या कलावतीने १९७९-८० मध्ये शहरातल्या साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेक करून हात मिळवला आणि प्रत्येकाचे आभार मानले. १९८३ मध्ये तिने एका कचरागाडीला बाहेरून आरसे लावले. गाडी जाई तिथे रस्त्यावरच्या लोकांना तिच्यात स्वतःचं तोंड दिसे. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, ते बघताना अजूनही मान खाली जाते. माणसांचे फोटो आपण ठेवले, ठीक. ती ज्या यंत्रावर राबली ते यंत्र, तो दांडा, ती पायरी, ती ज्यात बसायची ती मागची जागा, हेही ठेवायला हवं. अन्यथा पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक लिहील की २००० सालापर्यंत महाराष्ट्रातले कामगार उघड्या लॉरीत उभं राहून कचरा वाहत होते, आणि वाचणारा म्हणेल, अतिशयोक्ती आहे.

म्हणून मागणी अगदी लहान आहे. महाराष्ट्रात २९ महानगरपालिका आहेत. प्रत्येकीने एक कचरागाडी ठेवावी, जी सगळ्यात जुनी सापडेल ती. भंगार केंद्राकडे पाठवायच्या यादीतून ती काढण्यासाठी आयुक्तांनी राज्य सरकारमार्फत परवानगी मागावी. इंजिनातलं तेल, बॅटरी, डिझेल काढून, नोंदणी रद्द करून, तिला उद्यानाच्या किंवा गॅरेजच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली उभी करावी. एका बसएवढी जागा पुरते. शेड मात्र हवीच. आपल्या पावसात उघड्यावर ठेवलेली गाडी वाचवली असं म्हणता येत नाही. शेजारी तिच्यावर काम केलेल्या चालकांची, मोटर लोडरांची, मुकादमांची नावं लावावीत, आणि पाटीवर काय लिहायचं हे ठरवताना त्यांच्या मुलाबाळांना आधी बोलवावं. तो तरुण "नको" म्हणाला, तर निदान त्याचं "नको" का, ते पाटीवर यावं.

आयटीआयच्या मेकॅनिक डिझेलच्या मास्तरांना विनंती, की पोरांना शिकवायला इंजिन लागतंच, तर एक वर्ष या गाडीचं घ्या. व्हिंटेज मोटारवाल्यांना विनंती, की दरवर्षीच्या फेरीत रोल्स-रॉइसमागे एखादी कचरागाडी ट्रेलरवर चढवून आणा. गर्दी कुठे होते ते बघाच. पालिकांच्या गॅरेजांतून निवृत्त झालेले फिटर, वेल्डर, चालक हो, तुमच्या डोक्यात जे आहे ते कुठल्याच पुस्तकात नाही. कुठल्या गाडीचा, जॅकला इंजिनाची ताकद पुरवणारा, पीटीओ अडकायचा, कुठल्या बॉडीचा जॅक थंडीत रुसायचा, कुणी कोणत्या चौकीत कुठली गाडी चालवली, हे नातवाला मोबाइलवर बोलून ठेवायला सांगा. ज्यांच्या घरी वडिलांचा गाडीसमोरचा फोटो आहे, त्यांनी तो स्कॅन करून मागे तारीख, चौकी आणि गाडीचा नंबर लिहून ठेवावा. नंबरासाठी भिंग घ्या, बहुतेक फोटोंत तो वाचता येतो.

आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांनी आपल्या महापालिकेकडे माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकावा. घनकचरा विभागाच्या ताब्यातल्या १५ वर्षांहून जुन्या सर्व वाहनांची यादी, चॅसी क्रमांक, पहिल्या नोंदणीची तारीख आणि सध्या वाहन उभं असल्याचं ठिकाण. यादी हातात आली की एका रविवारी सकाळी आठच्या आत जाऊन उभ्या असलेल्या गाड्यांचे चारही बाजूंनी फोटो काढा, पाटीचा वेगळा काढा, मग आयुक्तांना पत्र लिहा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. तो या आठवड्यात टाका, लिलावाची तारीख आपल्यासाठी थांबत नाही.